नाशकात घरासाठी बोअर घेताना: गाडी यायच्या आधीपासून पहिल्या पावसापर्यंत

आमच्या प्लॉटवर दोन बोअर आहेत, एक चालू आणि एक बुजवलेला. बुजवलेल्याला पाणी लागलं नव्हतं असं नाही, उलट छान लागलं होतं. आम्ही केसिंगचे, म्हणजे वरची माती-मुरूम ढासळू नये म्हणून बोअरमध्ये बसवतात त्या पाइपचे, चौदा फूट वाचवायला गेलो आणि बोअर घालवून बसलो. दुसऱ्या वेळी मी चहाची गाळणी आणि डाळीच्या रिकाम्या पिशव्या घेऊन बोअर मारणाऱ्या गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले. नव्या लेआउटमध्ये घर बांधणारे ओळखीतले लोक तेव्हापासून बोअरच्या आधी मला फोन करतात. त्यांना तुकड्यातुकड्याने जे सांगते ते इथे सलग लिहिते.

आधी हिशेब, मग बोअर

शहराच्या पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे पाच माणसांच्या घराला ६७५ लिटर. कुंड्या आणि गाडी धुणं धरून हजार म्हणू. ताशी ५०० लिटर देणारा साधा बोअर दोन तासांत हे भागवतो, फक्त वर पुरेशी टाकी हवी. शेजारच्या काकांनी "आमच्याकडे तर तीन इंच लागलंय" असं छातीठोक सांगितलं (इंच हे पाण्याचं माप, ते पुढे सांगते) की आपल्यालाही तीन इंच हवंसं वाटतं, आणि मग गाडी चारशे फुटांवर जाते. बंगल्याला तीन इंचाची गरज नसते. हा हजार लिटरचा आकडा डोक्यात पक्का ठेवा. रात्री दीड वाजता ड्रिलर "और जाना है क्या?" विचारेल तेव्हा तोच कामाला येतो.

महापालिकेची लाइन आलेली असेल आणि गंगापूर धरणाचं पाणी नियमित येत असेल, तर बोअरचा खर्च गच्चीवरच्या जादा टाकीत घाला, असं माझं मत आहे. लाइन अजून पोचली नाही, बांधकामाला पाणी हवं आहे किंवा दर एप्रिलला टँकरवाल्याची मनधरणी करावी लागते, अशांनी पुढे वाचा.

खाली काय आहे

पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना डोंगराकडे नीट बघा. कड्यात आडवे पट्टे दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचे हे पट्टे. आपल्या प्लॉटखालीही तेच आहेत. वर काळी माती, मग मुरूम, मग आलटून पालटून दोन जातींचे खडक. काळा पाषाण घट्ट असतो, त्यात पाणी फक्त भेगांत राहतं. मांजऱ्या हा जाळीदार खडक. लाव्हातले वायू निघून गेल्यावर राहिलेली भोकं त्यात असतात आणि बऱ्याचदा ती पांढऱ्या, हिरवट स्फटिकांनी भरलेली असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड ठेवलेले सुंदर खडे याच घराण्यातले. दोन थरांच्या मध्ये कधीकधी लाल मातीचा पट्टा लागतो, त्याला गेरू म्हणतात.

त्यामुळे "नाशकात दोनशे फुटांवर पाणी आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. खाली पाण्याचं तळं नसतं. झिजलेला मुरूम, पाषाणातली भेग, दोन थरांचा सांधा अशा ठिकाणी पाणी असतं. आपला बोअर त्या भेगेला छेदून गेला तर लागलं, चार फूट बाजूने गेला तर नाही. खोल जाऊ तसा वरच्या दगडांचा भार वाढतो आणि भेगा आवळत जातात. एक सांधा हुकला तर पुढचा मिळेपर्यंत शे-दीडशे फूट कोरडा पाषाण कापत बसावं लागतं, आणि पैसे मात्र फुटाफुटाने जातात.

चौकशी

पॉइंट, म्हणजे बोअरची जागा, काढायच्या आधी आजूबाजूच्या दहा-बारा घरांत जाऊन या. "पाणी आहे का" एवढं विचारून थांबू नका. केसिंग किती फूट गेलं, पहिलं पाणी कितीवर लागलं, मे महिन्यात मोटर किती वेळ चालते, पंप किती फुटांवर सोडलाय आणि बोअर कोणत्या महिन्यात घेतला, एवढं विचारा. केसिंगचा आकडा सगळ्यांत मोलाचा, कारण मुरूम किती खोल आहे ते त्यावरून कळतं.

आम्ही मखमलाबादच्या अंगाला राहतो, म्हणून आणखी एक सांगते. गंगापूरच्या डाव्या कालव्याच्या जवळ घर असेल तर आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) चालू असतानाचं पाणी हिशेबात धरू नका. कालवा वाहतो तेव्हा आसपासच्या विहिरी फुगतात आणि तो बंद झाला की उतरतात. मळ्यातल्या जुन्या माणसांना हे तोंडपाठ असतं. त्यांना एकच विचारा: कालवा बंद असताना मे महिन्यात विहिरीला किती पुरुष (पुरुष म्हणजे माणसाच्या उंचीएवढी खोली) पाणी असतं?

बोअरही शक्यतो एप्रिल-मे मध्येच घ्यावा. तेव्हा पातळी तळाला गेलेली असते, त्यामुळे तेव्हा लागलेलं पाणी खरं. ऑगस्टमध्ये तीस फुटांवर पाणी लागलं म्हणून पेढे वाटणारे मी पाहिलेत, आणि मार्चमध्ये त्यांच्याच दारात टँकर पाहिलाय. उन्हाळ्यात गाड्यांना मागणी असते आणि भाव थोडा चढा लागतो, तेवढा सोसावा.

पॉइंट

भूवैज्ञानिक आणि पाणाड्या असे दोन मार्ग आहेत, आणि बहुतेक घरांत दोन्ही होतात. भूवैज्ञानिक जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकून वीज सोडतो आणि खडक तिला किती अडवतो ते मोजतो. ओला, भेगाळलेला थर कमी अडवतो, कोरडा पाषाण जास्त. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे हे काम होतं, खासगी लोकही करतात. पण एक अडचण आहे. खुंट्यांची तार दोन्ही बाजूंना लांब पसरावी लागते. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर, चारी बाजूंना कंपाउंड आणि खाली पाइपलाइन असताना, हे यंत्र गोंधळतं. म्हणून बांधकाम सुरू व्हायच्या आधी, आजूबाजूचे प्लॉट मोकळे असताना तपासणी करून घ्या.

पाणाड्याचं म्हणाल तर आमच्या सासूबाईंनी बोलावला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो चालला आणि तुळशीपाशी नारळ उभा राहिला. खडकात काय आहे ते नारळाला कळतं असं मला वाटत नाही. पण गावोगाव शेकडो बोअर पाहिलेल्या माणसाच्या नजरेला उतार, झाडं, जुना ओहोळ दिसत असणार, हे मी मानते. त्याला नारळ द्या, दक्षिणा द्या. फक्त "दोनशे दहा फुटांवर दोन झरे" असा नेमका आकडा सांगणाऱ्याच्या भरवशावर बजेट आखू नका.

तिसरे येतात वास्तुवाले, त्यांना ईशान्य हवी असते. गोदावरीच्या दक्षिणेकडच्या बऱ्याच वस्त्यांत उतार उत्तरेला नदीकडेच असल्यामुळे ईशान्य कोपरा सखल निघतो आणि सगळ्यांचं एकमत होतं. आमच्याकडे नदीच्या या काठावर उतार उलटा. घरात दोन दिवस त्यावरून अबोला होता.

शेवटी जागा ठरवताना यांतल्या कुणीच न सांगितलेल्या गोष्टी बघाव्या लागतात. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा, आपला आणि शेजाऱ्याचाही, किमान पन्नास-साठ फूट दूर हवा. लहान प्लॉटवर इतकं जमत नाही, तेव्हा निदान बोअर चढाच्या बाजूला घ्या आणि पाणी पिण्यासाठी धरू नका. दुसरं, पुढे कधीतरी पंप वर काढावा लागणारच. त्या वेळी डोक्यावर पोर्चचा स्लॅब किंवा जिना आला तर वीस फुटी पाइप उभा कसा ओढणार? वर आभाळ मोकळं हवं. तिसरं, पायाच्या कॉलमचं मार्किंग आर्किटेक्टकडून आधी करून घ्या. ऐन कॉलमच्या जागी बोअर निघालेलं एक घर पाथर्डी फाट्याकडे आहे. त्यांचं किचन आता प्लॅनमध्ये होतं त्याच्या दोन फूट डावीकडे आहे.

कागद

उघड्या बोअरमध्ये मुलं पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नियम घालून दिले. बोअर घेण्याच्या किमान १५ दिवस आधी लेखी कळवायचं: जिल्हाधिकारी, ग्रामपंचायतीच्या हद्दीत सरपंच, शहरात महापालिका, आणि भूजल विभाग. गाडी नोंदणीकृत हवी. कामाच्या वेळी फलक आणि भोवती कुंपण हवं. अर्ज साध्या कागदावर चालतो, पण पोच घ्या.

राज्याचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू आहे. त्यात ६० मीटर, म्हणजे १९७ फूट किंवा त्याहून खोल गेलेली विहीर ही 'खोल विहीर' ठरते, आणि शेती व उद्योगासाठी तशा विहिरींना मनाई आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावरही बंधन आहे. गावठाणालगत राहत असाल तर ग्रामपंचायतीची विहीर कुठे आहे ते आधी बघा. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत एकट्या घराच्या घरगुती वापराला ना-हरकत दाखल्यातून सूट आहे. सोसायट्यांनी ती सूट आपल्यालाही आहे असं गृहीत धरू नये.

भाव ठरवताना

फुटाचा दर डिझेलबरोबर हलतो, म्हणून इथे रुपये लिहीत नाही. कोटेशन कसं वाचायचं ते सांगते. ड्रिलिंगचा फुटाचा दर ठरावीक खोलीपर्यंत एक आणि पुढे प्रत्येक शंभर फुटांना चढता असतो. ते टप्पे लिहून घ्या. केसिंगचा फुटाचा दर वेगळा. पीव्हीसी की लोखंडी, आणि पाइप किती जाड, हेही लिहून घ्या. 'मिनिमम फूट' म्हणून एक कलम असतं: पाणी ऐंशीवर लागलं तरी पैसे तेवढ्या फुटांचे. फ्लशिंग (हवेने बोअर आतून साफ करणं), टोपण, गाडीचा येण्याजाण्याचा खर्च हे दरात आहे की वर, ते विचारा. एजंट तोंडी "सगळं आलं त्यात" म्हणाला तर तेच शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला लावा. घरगुती बोअर साधारण साडेसहा इंची असतो.

तो दिवस, म्हणजे बहुतेक वेळा ती रात्र

गाडी सकाळी आठला येणार असं सांगितलं होतं, ती रात्री साडेदहाला आली. हे नेहमीचं आहे. एक बोअरची गाडी आणि एक कॉम्प्रेसरची अशा दोन गाड्या येतात. गेट आणि गल्ली निदान दहा फूट रुंद हवी. मनोरा उभा राहतो तिथे वर विजेची तार नको, असेल तर महावितरणला आधी कळवा. शेजाऱ्यांच्या गाड्या हलवायला सांगा आणि वाळत घातलेले कपडे काढायला लावा. पहिले काही तास पाषाणाची राख गल्लीभर उडते आणि सकाळी प्रत्येक बाल्कनीत पिठाची गिरणी चालवल्यासारखं दिसतं. आदल्या दिवशी लाडूचा डबा घेऊन फिरलात तर कुणी भांडायला येत नाही. निघणारा गाळ पावसाळी गटारात सोडू नका, त्यासाठी प्लॉटवरच एक खड्डा आधी खणून ठेवा.

आपल्याकडच्या अनेक गाड्या तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या, पोरंही तिकडचीच. आमचा ड्रिलर मला 'अक्का' म्हणायचा, मी त्याला 'अण्णा'. रात्री अकराला सगळ्यांना चहा आणि बिस्किटं दिली. मग मी म्हटलं, "अण्णा, हर दस फूट पे थोडा माल चाहिए." तो हसला, पण पोरगं दर दहा फुटांना फावडंभर चुरा माझ्यापुढे आणून टाकू लागलं.

इथे कंटाळा करू नका. मूठभर चुरा चहाच्या गाळणीत धुवायचा, बॅटरीच्या उजेडात बघायचा, पिशवीत भरून वर फूट लिहायचे. धुतल्याशिवाय सगळं राखाडीच दिसतं. आमची वही अशी झाली: ६ फुटांपर्यंत काळी माती. ३४ पर्यंत पिवळसर मुरूम. ७८ पर्यंत काळा पाषाण, चुरा बारीक आणि हॅमरचा आवाज खणखणीत. मग आवाज जरा बसका झाला, रॉड भराभर खाली जाऊ लागला, आणि गाळणीत मिठाच्या खड्यांसारखे पांढरे कण चमकले. मांजऱ्या. ८४ ला एक गंमत झाली. धूळ उडायचीच थांबली. पाणी दिसत नव्हतं, पण राख ओली होऊन भोकाच्या तोंडाशी गोळे पडायला लागले, भाकरीच्या पिठात पाणी जरा कमी पडल्यावर पडतात तसे. अण्णाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. दोन मिनिटांनी राखाडी चिखल उसळला आणि त्यामागून पाणी. ९६ ते ९९ गेरू लागला, पाणी विटकरी झालं. पुन्हा पाषाण. १३२ ला एक भेग, आणि उसळी दुप्पट.

रॉड मोजणं हे तुमचं काम. गाडीवरच्या एका रॉडला स्वतः टेप लावा. आमच्या गाडीवर ते वीस फुटी होते, पण छोटेही असतात. खाली जाणाऱ्या प्रत्येक रॉडची भिंतीवर खडूने रेघ ओढा. काम संपल्यावर दोरीला जड वजन बांधून तळापर्यंत सोडा आणि दोरी मोजा. यात कुणावर संशय घेण्यासारखं काही नाही. रात्री तीन वाजता सगळेच झोपेत असतात, आणि बिल करणाराही.

केसिंगचे चौदा फूट

आता पहिल्या बोअरचा किस्सा. तेव्हा आम्ही घरात झोपलो होतो. एजंटने सकाळी सांगितलं, "ताई, वीस फुटांतच कडक लागलं, तुमचे पैसे वाचवले." आम्ही खूश झालो. खरं तर वीसवर मुरमात एक मोठा धोंडा लागला होता आणि त्याखाली आणखी चौदा फूट मुरूम होता. केसिंग धोंड्यावर टेकलं आणि खालचा मुरूम उघडा राहिला. दोन पावसाळे निघाले. तिसऱ्या वर्षी पाणी गढूळ यायला लागलं, मग मोटर घरघरली, मग बंद पडली. पंप काढायला माणसं आली तर तो हलेना. वरून सुटलेला मुरूम पंपावर बसून आवळला होता. दोरी तुटली, पाइप तुटला आणि पंप खाली राहिला. एजंटने फोन उचलणं कधीच बंद केलं होतं.

म्हणून नियम असा: मुरूम संपून सलग पाषाण लागला की लगेच थांबू न देता आणखी पाच-सात फूट कापायला लावा. धोंडा असेल तर तेवढ्यात खाली पुन्हा मुरूम लागतो. खरा पाषाण असेल तर केसिंग त्यात दोन-तीन फूट रुतवून बसवा. पाइप जमिनीवर आडवे असतानाच टेपने मोजा, एकदा आत गेल्यावर मोजता येत नाहीत. केसिंगच्या बाहेर मातीत जी फट राहते, ती सिमेंटच्या रबडीने बुजवायला सांगा. हे बहुतेक जण टाळतात. मग गटाराचं आणि अंगणाचं पाणी त्या फटीतून सरळ बोअरमध्ये उतरतं.

गेरू जाड आणि मऊ असेल तर तोही पाण्याने फुगून ढासळतो. मग त्या पट्ट्यापर्यंत आतून कमी व्यासाचा, भोकं पाडलेला पाइप सोडतात. पंप त्यातून उतरेल ना, हे आधी बघा. आमचा गेरू तीनच फूट होता आणि घट्ट होता, त्यामुळे दोन दिवस पाणी लाल आलं आणि मग निवळलं.

कुठे थांबायचं

१३२ ची भेग लागल्यावर आम्ही १६० ला थांबवलं. खालचे अठ्ठावीस फूट पाण्यासाठी नाहीत. त्यातले थोडे गाळ बसायला, बाकीचे साठ्याला. साडेसहा इंची बोअरच्या एका फुटात साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. आकडे योगायोगाने जुळतात, त्यामुळे लक्षात राहतात.

एजंट त्या वेळी फोनवर होता: "ताई, गाडी उभीच आहे, अजून शंभर मारू, डबल होईल." होतं कधीकधी. पण हजार लिटरची गरज भागली असेल तर पुढच्या शंभर फुटांचा चढा दर, खोल पंप, लांब केबल आणि जास्त वीजबिल कशासाठी? उलट, दोनशेपर्यंत काहीच लागलं नसेल तर काय करायचं, हे कठीण आहे. वहीत शेवटचे साठ-सत्तर फूट सलग कोरडा पाषाण असेल, तर मी एक मर्यादा आधीच कागदावर लिहून ठेवते आणि तिथे थांबते. भोकाशेजारी उभं राहून घेतलेला निर्णय जुगाऱ्याचा असतो.

कोरडा गेला तर गाडी जायच्या आत तो माती, वाळू, दगडांनी तळापासून वरपर्यंत भरा. गोणपाट आणि फरशी टाकून ठेवू नका. ही जबाबदारी मालकाची आहे.

किती इंच म्हणजे किती पाणी

'इंच' हा शब्द गल्लीत कसाही वापरतात. खरं माप काटकोनी खाचेच्या पत्र्याचं असतं. पाणी खाचेतून वाहताना तळापासून किती उंचीने वाहतं, ते इंचात मोजतात. एक इंच म्हणजे ताशी साधारण ५०० लिटर. दोन इंच म्हणजे त्याच्या दुप्पट नाही, सुमारे २,९०० लिटर. तीन इंच म्हणजे जवळपास ८,०००. आता काकांचे तीन इंच पुन्हा आठवून बघा.

पत्रा नसेल तर १५ लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. पण कॉम्प्रेसरची हवा चालू असताना उसळणारं पाणी हे खरं पाणी नव्हे, त्यात आधीपासून साठलेलंही येतं. काम संपल्यावर निदान अर्धा-पाऊण तास फ्लशिंग करायला लावा, पाणी निवळू द्या आणि शेवटच्या दहा मिनिटांत मोजा. पंप बसवल्यावर एक दिवस चार तास सलग चालवा. आधी आणि नंतर पातळी मोजा. दोरीला उपडा छोटा डबा बांधून सोडला की पाण्याला टेकताना 'टप्प' वाजतो. पंप बंद करून पातळी परत वर यायला किती वेळ लागतो तोही लिहा. आमची सव्वा तासात आली.

पंप

इथे लोक मोठा पंप घेऊन चुकतात. बोअर ताशी ८०० लिटर देतो आणि पंप २,००० ओढतो, मग अर्ध्या तासात पंप कोरडा पडतो आणि जळतो. पंप बोअरपेक्षा थोडा दुबळा हवा. जास्तच ओढत असेल तर वरचा व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवा. पंपाच्या पाटीवर हेड, म्हणजे तो पाणी किती उंच चढवतो ते, मीटरमध्ये लिहिलेलं असतं. पाण्याची उन्हाळ्यातली पातळी आणि गच्चीवरच्या टाकीची उंची यांची बेरीज करा आणि फुटांचे मीटर करून जुळवा. दीडशे फुटांचा बोअर आणि दुमजली घर असेल तर एक एचपी बहुतेक वेळा पुरतो. पंप तळावर टेकवू नका, पंधरा-वीस फूट वर टांगा. दोरी चांगल्या नायलॉनची घ्या, आणि पॅनेलमध्ये ड्राय रन संरक्षण, म्हणजे पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारी सोय, हवंच. बोअरची लाइन महापालिकेच्या नळाला थेट जोडायची नाही. टाकी वेगळी किंवा निदान पाइप वेगळे.

केसिंगभोवती सिमेंटचा ओटा करा: अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, ३० सेंटिमीटर जमिनीखाली आणि ३० वर. न्यायालयाने सांगितलेलं माप हेच आहे. तोंडावर वेल्डिंग केलेलं किंवा बोल्टचं झाकण हवं.

प्यायच्या आधी

नव्या बोअरमध्ये गाडीचं तेल आणि सगळ्यांच्या हातांची घाण गेलेली असते. ब्लीचिंग पावडरने एकदा निर्जंतुक करा. पाण्याचा स्तंभ शंभर फूट असेल तर साधारण साडेसहाशे लिटर पाणी होतं, त्याला १०० ग्रॅम ताजी पावडर पुरते. ती बादलीत कालवा, निवळू द्या आणि वरचं पाणी बोअरमध्ये सोडा. बारा तास ठेवा, मग वास जाईपर्यंत उपसून टाका, पण झाडांना घालू नका.

आठवड्याने नमुना तपासायला द्या. भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात. कठीणपणा २०० पर्यंत चांगला, ६०० ही शेवटची मर्यादा. बेसॉल्टातलं, म्हणजे आपल्या या लाव्हाच्या खडकातलं, पाणी बहुधा जड असतं. डाळ शिजायला वेळ लागतो, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, केस राठ होतात. त्याने त्रास होतो, धोका नाही. धोका नायट्रेटचा आणि जंतूंचा. नायट्रेट ४५ च्या वर गेलं किंवा ई. कोलाय सापडले, तर जवळपास सेप्टिक टँक किंवा गटार झिरपतंय असं समजा. नायट्रेट उकळून जात नाही, हे विशेषतः तान्ह्या बाळाच्या घरात लक्षात ठेवा.

पाऊस आत सोडणं

५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामाला पावसाचं पाणी साठवणं किंवा जिरवणं सक्तीचं आहे. लहान प्लॉटवर कायदा मागे लागत नाही, पण हिशेब तोच. हजार चौरस फुटांची गच्ची, नाशिक शहराचा सातशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस. वाया जाणारं वगळलं तरी पन्नास हजार लिटर. आमच्या पाच माणसांचं पन्नास दिवसांचं पाणी.

गच्चीचा पाइप थेट बोअरमध्ये खुपसून मोकळे होणारे बरेच आहेत. त्यांनी बोअरमध्ये कबुतरांची विष्ठा, पालापाचोळा आणि डांबराचे कण सोडलेले असतात. मध्ये गाळणी हवी: टाकीत खाली मोठी खडी, वर बारीक खडी, सगळ्यांत वर जाड वाळू. अंगणाचं आणि पार्किंगचं पाणी यात आणू नका, फक्त छताचं. जागा असेल तर बोअरपासून थोडं लांब शोषखड्डा करून मुरमात जिरवणं अधिक सुरक्षित. आमच्या बुजवलेल्या बोअरच्या डोक्यावर आम्ही तेच केलंय. तिथला मुरूम चौतीस फूट खोल आहे, हे आता आम्हाला पक्कं माहीत आहे.

पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी मात्र बाहेरच सोडायचं. त्यासाठी खाली उतरणाऱ्या पाइपला टी बसवून त्याच्या बुडाशी फिरकीचं टोपण लावलंय. मेच्या शेवटी वाळूचा वरचा इंचभर थर खरवडून धुते, टोपण उघडते आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवते की आभाळ भरून आलं तरी त्याला हात लावायचा नाही. गच्ची धुऊन निघाली, बादलीत धरलेलं पाणी तळ दिसेल इतकं स्वच्छ आलं, की छत्री घेऊन खाली जायचं आणि टोपण आवळायचं.